कुठल्या बाजूला पडतोस?

कोयाइकेच्या उतरत्या गल्लीत
ओर्फेलिना मान्सिया खोगिरं शिवायची.
घोडे कमी झाले तशी मोटरसायकलींच्या पिशव्या शिवू लागली.
"पाठ ती पाठ," म्हणते,
"हाडाची काय, लोखंडाची काय."

मी लंगडतच आत गेलो.
दोन वर्षांपूर्वी कोक्रानच्या अलीकडे, खडीवर,
गाडी आडवी झाली आणि ॲल्युमिनियमच्या डब्याखाली
माझी डावी नडगी आली.
डबा शाबूत. साधा पोचासुद्धा नाही.
नडगीत अजून सहा स्क्रू आहेत,
थंडी पडायच्या आदल्या दिवशी मला कळवतात.

डबा विकला. घेणारा खूश, बोटांनी वाजवून बघत होता:
किती मजबूत!
मी म्हटलं, हो ना.

भिंतीवर पिशव्या लटकल्या होत्या
रिकाम्या, मान टाकलेल्या.
एकीचं तोंड तीनदा गुंडाळून बकल लावायचं.
दुसरीला चेन, जी पहिल्याच धुळीत दात गमावते.
तिसरी मेणकापडाची, ओल्या कुत्र्याच्या वासाची.
मी विचारलं, किती लिटर?
"जेवढी मोठी घेशील तेवढी भरशील.
रिकाम्या जागेला भूक फार."

आणि कुलूप?
तिनं कात्री उचलून दाखवली,
परत खाली ठेवली.

सायलेन्सर कुठल्या अंगाला, हे मात्र तिनं तीनदा विचारलं.
पट्टा लोंबला तर सुंभही जळेल आणि पीळही.

मग सुईत दोरा ओवता ओवता,
वर न बघता:
"कुठल्या बाजूला पडतोस?"

मी पडत नाही, म्हणालो.
ती बाहेर गेली.
गाडीभोवती फिरली, नव्या घोड्याभोवती फिरावं तशी,
डाव्या मुठीचं घासलेलं रबर अंगठ्यानं चाचपलं,
वाकलेला क्लच पाहिला, मग माझा बूट.
"डावीकडे," म्हणाली,
जणू रक्तगट सांगत होती.
"आमचा बेलार्मिनो उजवीकडे पडायचा. चाळीस वर्षं.
घोडे चार बदलले. बाजू नाही."

डाव्या पिशवीला तिनं दुहेरी कातडं शिवलं,
बैलाच्या मानेचं.

निघायच्या रात्री सगळं पलंगावर मांडलं.
जड ते तळाशी, जड ते पुढे.
दोन्ही पिशव्या मासे तोलायच्या काट्यावर टांगून पाहिल्या.
बहीण म्हणाली, दोन स्वेटर कशाला?
मी एक काढला.
सकाळी तो परत आत होता, उजवीकडे. नेल्दा झोपलेली.

डब्यात सगळं सामान डब्यासारखं व्हायचं.
इथं पिशवीच सामानासारखी झाली:
किटलीचं कोपर, पावाची पाठ.
अंधारात नुसता हात फिरवला तरी कळावं
कोण कुठे झोपलंय.

सेरो कास्तियो मागे पडलं, डांबर संपलं.
पुढे एका वळणावर वारा आडवा आला,
रोजचाच, पण ओळख न दाखवता,
आणि मी पडलो.

उजवीकडे.

मागचं चाक थोडा वेळ फिरत राहिलं.
पाय पिशवीखाली होता.
पिशवी दबली. पावाचा भुगा झाला, किटलीला पोचा आला,
स्वेटर मध्ये पडला.
मी पाय ओढून काढला, बुटासकट, अख्खा.
डाव्या नडगीतले सहा स्क्रू नुसते बघत राहिले.

मेंढ्यांच्या ट्रकवाल्यानं गाडी उभी करून दिली
आणि काही न विचारता निघून गेला.

उजवी पिशवी वीतभर फाटली होती.
डावीकडचं कातडं कोरं करकरीत,
लग्नात कुणी पान न वाढलेल्या पाहुण्यासारखं.

रस्त्याकडेला बसून पावाचा भुगा खाल्ला.
परतल्यावर ओर्फेलिनाला सांगेन, डावीकडेच पडलो,
तुझंच खरं.
ती फाटलेलं हातात घेईल,
उजेडाकडे धरेल,
आणि दोरा ओवता ओवता
माझ्या चालण्याकडे बघेल.