डावा खांदा दीड बोट खाली

वाळपईच्या बाजारात, मासळीवाल्यांच्या वळणावर
माझं शिवणाचं दुकान.
टेपावरचे आकडे पुसट झालेत,
बोटांना पाठ आहेत.

सोयरू गावस पहिल्यांदा आला तो आईच्या हाताला धरून,
शाळेची खाकी चड्डी, कंबर बावीस.
दुसऱ्यांदा आला कोटासाठी.
आजाच्या जन्माचा दाखला लिस्बनला जाऊन आला होता,
पोराच्या खिशात तांबडा पासपोर्ट.
गळा साडेचौदा.
"थंडी असते म्हणे," एवढंच बोलला.
मी आत जाड अस्तर लावलं.

तीन वर्षांनी बहिणीच्या लग्नाला परतला.
गळा अठरा.
मी टेप दोनदा लावला.
कान असा, जसा तव्यावर दुमडलेला पोळा.
रात्री गोदामात खोके उचलायचे,
शनिवारी चिखलात खेळ.
"फुटबॉल?"
"नाही रे मामा."
कापायच्या टेबलावर त्यानं बटणं मांडली,
तेरा पांढरी, तेरा काळी,
मधे रिकामी बॉबीन, चेंडू म्हणून.
घेऊन पुढं धावायचं,
पण हातानं द्यायचा तो मागच्यालाच.
पाच वेळा पाडलं तरी चेंडू आपला,
सहाव्यांदा पडलात की मुकाट त्यांच्या हवाली.
"म्हणजे मामलेदार कचेरीच की रे!"
तो हसला. पुढचा एक दात नव्हता.

लग्नाचा सदरा बेतताना वहीत लिहिलं:
डावा खांदा दीड बोट खाली.
त्याच बाजूनं तो माणसं अडवायचा.
मी आत थोडा कापूस भरला.
फोटोत कुणाला कळलं नाही.

मग वही बरीच वर्षं कोरी.
बातम्या यायच्या त्या कदंबच्या बसमधून:
'सोयरू' तिकडच्या जिभेवर बसेना,
म्हणून त्याला 'सॉरी' म्हणतात;
माणसाला आडवा करून हात देऊन उठवतो,
तेव्हा शोभतंही.
गुडघा गेला. मग पाण्याच्या बाटल्या नेणं,
मग धाकट्यांना शिकवणं,
मग एका हंगामात अख्खा संघ त्याच्याकडे,
आणि तो संघ सलग अकरा सामने हरला.
काढल्याचं पत्र दोन ओळींचं.
त्यानं ते मला दाखवलं,
घडीवर घडी, जणू इस्त्रीला आणलेलं.

आता पिसुर्ल्याकडे, बंद खाणीच्या सपाटीवर
तो पोरांना पडायला शिकवतो.
पहिला महिना नुसतं पडणं.
आया तक्रार घेऊन गेल्या:
सर, पडायला ती घरीच शिकलीत,
कपडे तेवढे तांबडे करू नका.
ती माती धुतली जात नाही, हे मीही सांगतो,
म्हणून जर्सी तांबड्याच शिवल्या. तेरा.
सातांचे पैसे अजून यायचेत.

बेळगावच्या संघाशी पहिला सामना. बावन्न–चार.
ते चार बमो झोरेचे, धनगराचं पोर,
म्हशींमागं धावून वळणं शिकलेलं.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, त्याला खांद्यावर घेतलं.
सोयरू मात्र दूर, जाड्या नझीरपाशी उकिडवा बसलेला.
नझीरनं तिघांना अंगावर घेऊन
पडता पडता चेंडू मागं सोडला होता,
आणि तेव्हा कुणीच तिकडं पाहत नव्हतं.

काल स्वतःसाठी सदरा सांगायला आला.
पोट चाळीस, गळा परत सोळा.
सवयीनं मी कापसाचा डबा ओढला.
"नको," म्हणाला, "पोरांना मग काय दाखवू?"

बाकावर नझीर बसला होता.
त्याची कागदपत्रं झालीत.
एक कोट, दोन शर्ट.
मी माप घेत होतो, सोयरू दारात उभा,
वहीकडं न बघता.
मग पायरी उतरताना, पाठमोराच:
"गळ्यापाशी आत कापड सोड हं, मामा."
"किती?"
तो माशांच्या गर्दीत शिरला होता.

मी जुनी वही काढली.
अठरातून साडेचौदा वजा केले.
तेवढं शिवणीत सोडता येत नाही.
सुटलं तेवढं सोडलं.