धिरा

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात
आत्राममामा लाकूड बघत नाहीत, ऐकतात.
पेराने टक् टक्, मग कान लावून उभे.
"हे निलगिरी नको, मुकं हाय.
हा ऐन घ्या. बडबड करते."

टेम्पोत बारा ओंडके.
माझ्याकडे पावती,
त्यांच्याकडे जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला वाकस,
ज्याने वणीकडच्या खाणींत बेचाळीस वर्षं
छताखाली लाकडं बसवली.

शिवाजीनगरच्या प्रयोगशाळेत
यंत्र दाबत जातं, पडद्यावर रेघ चढते,
मी लिहिते: भार, टन. दबणं, मिलिमीटर.
पहिला ओंडका सरळ कापलेला.
बावीस टनांवर मोडला.
कर्र आणि काड् यांच्यात नऊ सेकंद.
"नऊ सेकंदांत," मामा म्हणाले,
"मानूस निसता वर पाहते."

डबा खाऊन त्यांनी दुसऱ्याचं बूड तासलं,
पेन्सिलीला टोक काढावं तसं, पण बोथट.
"वरचा डोंगर अडवाचा नसते, पोरी.
तो येतेच. त्याले हळू ये म्हनाचं."

बूड चुरत गेलं,
जुन्या केरसुणीसारखं फिसकटत गेलं,
ओंडका मात्र उभा,
सोळा टन डोक्यावर घेऊन,
सात मिनिटं कुरकुरत, कण्हत, शिव्या देत.
सात मिनिटांत
खोदणारा बाहेर येतो,
विसरलेला कंदील आणायला परत जायचा मोहही
आवरून होतो.

मी विचारलं नव्हतं.
लोखंडी खांब आले त्या वर्षी
दुर्गय्या पाठ टेकून पाणी प्यायला बसला होता.
लोखंड काही बोललं नाही.
पुढे मामा दर लोखंडी खांबाशेजारी
एक लाकडाचा उभा करू लागले.
मुकादम ओरडायचा, फुकटचा खर्च.
"भार घ्याले नाही जी. बोलाले."

तक्त्यात मी एक रकाना वाढवला:
पहिला आवाज, वेळ.
मामा टेकू म्हणत नाहीत, धिरा म्हणतात.
घाईत माझ्याकडून 'धीर क्रमांक दोन' लिहिलं गेलं.
खोडलं नाही.

संध्याकाळी भुसा झाडताना
पायांखालून मेट्रो गेली.
मामा थबकले, झाडू तसाच.
"खाली काय लावलं हाय?"
"काँक्रीट."
बराच वेळ ऐकत राहिले.
"मंग शेजारी
एखादं बोलकं उभं करा."