तिसरीचं तोंड

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
सोफुस क्रोमानचं भरलं, एक्केचाळीस वर्षं,
मार्स्टालच्या धक्क्यामागच्या गल्लीत,
वरच्या मजल्यावर, एका खुर्चीच्या जोरावर.
आता खुर्ची विकली. अवजारं राहिली.
त्याच खिडकीशी, त्याच दिव्याखाली
एक जहाज उताणं पडलंय.

चर्चमधलं जहाज. एरवी छताला टांगलेलं,
दोन दोऱ्यांवर, नाळ वेदीकडे,
सव्वाशे वर्षं कुठेही न गेलेलं.
'तीन बहिणी' त्याचं नाव.
कुणा आचाऱ्यानं लांबच्या सफरीत कोरलं म्हणे,
कांदे चिरायच्या सुरीनं.
सुरी बोथट होती, हे सोफुस शपथेवर सांगेल.

पाठीमागे, सुकाणूच्या वर, खिडक्यांची रांग:
उजवीकडे सात, डावीकडे सहा.
पॅस्टर एल्सेबेथ म्हणाल्या, जमलं तर एक वाढवा.
त्यानं पेन्सिलीनं चौकट आखली,
रात्री उठून दोनदा पाहिली,
सकाळी पावाच्या गोळीनं पुसून टाकली.
मोजायला चुकला असेल. वादळ असेल.
किंवा त्या बाजूला झोपणाऱ्याला उजेड नको असेल.
आपण कोण.

खिडक्यांच्या वर तिघी, हातात हात,
एकेकीचं डोकं मसुरीच्या दाण्याएवढं.
पहिलीच्या वेणीत चार थरांचं वार्निश;
प्रत्येक पिढीनं मायेनं फासलेलं,
आणि मायेनंच पेड बुजवलेले.
हिरडीखाली जातात तसा तो गेला,
स्केलरच्या टोकानं, खपली खपली,
भिंगातून, श्वास एका बाजूला सोडत.
दुसरीच्या बाहीला पाच चुण्या.
एका चुणीला एक दुपार.
खाली फेरी येत राहिली, जात राहिली.

तिसरीला तोंडच नाही.
नाकाखालचं सगळं किडीनं नेलेलं.
कीड म्हणजे त्याच्या घरचीच.
त्यानं पोकळी साफ केली, कोरडी केली,
नाशपातीच्या लाकडाचा तीळभर तुकडा बसवला,
सवयीनं म्हणालाही, हं, चावून बघा.
आणि मग चार दिवस हात लावला नाही.

कारण तोंड कुणाचं द्यायचं?
बेटावरची तोंडं त्याला पाठ आहेत.
बेकरीत माणसाचं नाव आठवत नाही,
पण ते हसलं की लख्ख:
उजवी, खालची, मागून दुसरी,
एकोणऐंशीचा मार्च, आईचा हात सोडत नव्हता.
सगळी तोंडं आठवतात, उघडी, दिव्याखाली,
बोलता न येणारी.
एक डाग्नीचं तेवढं नाही.
बायको त्याची; दात दाखवायला मात्र
फेरीनं स्वेंडबोर्गला जायची, वर्षातून दोनदा.
'तुझ्यासमोर आ करून गप्प बसणं
मला जमायचं नाही,' म्हणायची.
आणि पदरचे पैसे भरून यायची,
फेरीतल्या कुणाकुणाच्या बातम्या घेऊन,
कोट काढायच्या आधीच सुरू.

पाचव्या दिवशी त्यानं सगळ्यात बारीक प्रोब घेतला.
ओठ दोन केसांएवढे.
मध्ये एक फट: मिटलेलीही नाही, हसरीही नाही,
वाक्य नुकतंच सुरू झालंय अशी.
आत दात कोरले नाहीत.
तेवढं त्याला माहीत नव्हतं.
मग वर्ख, सोन्याचा, खारीच्या शेपटीच्या कुंचल्यानं,
उरला तो पहिलीच्या कानात.

वसंतात जहाज पुन्हा वर गेलं.
खालून दिसतो तो फक्त तपकिरी तळ,
आणि जरा मान वाकडी केली तर सुकाणू.
तिघी तिकडे, ऑर्गनच्या बाजूला,
जिथे रविवारी एकच माणूस बसतो,
तोही पाठ करून.

घंटा वाजवणारा विल्हाड शिडी मिटत म्हणाला,
अख्खा हिवाळा काय केलंत हो एवढं?
साफसफाई, सोफुस म्हणाला.
मान वर करून अजून जरा उभा राहिला,
ऐकत असल्यासारखा.
मग टोपी घालता घालता,
सहा महिन्यांनी परत दाखवा.