पानात नव्हतं ते

त्रिएस्तेत बोरा सुटला
की पत्त्यांवर दगड ठेवावे लागतात.
निवेस क्राविनाकडे असे पाच आहेत,
कार्सोच्या पठारावरून आणलेले, चपटे, थंड.
खिडकी बंद असली तरी ठेवते.
म्हणते, वारा काय खिडकीतूनच येतो?

तरुणपणी ती बंदरावर कॉफीच्या बिया निवडायची.
काळी बाजूला, फुटकी बाजूला, खडा बाजूला.
तशीच मला बसवली तिने,
सहा महिने,
अर्थ सांगायची बंदी.

काय दिसतं?
दुःख.
कुठेय? बोट ठेव.
मी बोट ठेवलं पेल्यांच्या पंजीवर:
तीन सांडलेत.
आणि?
दोन उभे आहेत, त्याच्या पाठीमागे.
त्याने पाहिलेत?
नाही.
मग तू पाहा. आणि लगेच ओरडू नकोस.

पत्ते पिसताना ती मधेच काहीतरी बोलायची,
मीठ टाकावं तसं.
आजाराला हात घालायचा नाही, तू डॉक्टर नव्हेस.
जो समोर नाही त्याच्या मनात शिरायचं नाही,
दार त्याचं आहे.
तोच प्रश्न घेऊन पंधरा दिवसांत परत आला
तर त्याला कॉफी दे. पत्ते नको.
तेरावं पान निघालं तर आपला चेहरा सांभाळ,
समोरचा पान नाही बघत,
तुझ्या भुवया बघतो.

मला वाटलं, आलं आता.

मी सान जाकोमोच्या फार्मसीत कामाला.
फुल्विया झेरियाल तिथे दर महिन्याला येते,
नवऱ्याच्या गोळ्या नेते,
विसरभोळेपणाच्या; चिठ्ठी चार घड्या घातलेली.
तीच एका शनिवारी निवेसकडे, माझ्यासमोर बसली.
मी चंद्र उलटला. शेजारी संन्यासी, पालथा.
आणि जीभ आपोआप वळली:
तुमच्या घरात कुणीतरी
रोजची वाट विसरत चाललंय.

ती रडली. दुप्पट पैसे ठेवले.
जिन्यातल्या प्रत्येक मजल्यावर सांगितलं.
पुढच्या शनिवारी पाच जण आले,
आणि मी, खरं सांगते,
आरशात स्वतःकडे दोनदा पाहिलं.

निवेसने सगळ्यांना परत पाठवलं.
मग चंद्राचं पान माझ्यासमोर ठेवलं.
कुठे होता तो नवरा? बोट ठेव, एग्ले.

दोन कुत्री. पाण्यातून वर येणारा खेकडा.
दोन बुरूज, मधून निघालेली वाट.
बोट फिरत राहिलं.
नवरा नव्हता.
गोळ्यांची डबी नव्हती.

पानात नव्हतं ते, ती म्हणाली.
तुझ्या काउंटरवर होतं.
विश्वासाने दिलेली चिठ्ठी
तू तिलाच विकलीस, दुप्पट भावात.

बाहेर बोरा जोरात होता.
म्हाताऱ्यांसाठी रस्त्याकडेला दोर बांधलेले,
ते धरून मी फुल्वियाच्या घरी गेले,
चार मजले चढले, पैसे हातात,
आणि जे होतं ते सांगितलं, न सजवता.
साखळी न काढता तिने ऐकलं.
आतून तो विचारत होता, कोण आलंय?
कुणी नाही, ती म्हणाली.
फटीतून पैसे घेतले. दार लावलं.
आता ती गोळ्या दुसरीकडून आणते,
उतारावरच्या दुकानातून, लांब पडतं तिला.

त्यानंतर हिवाळाभर मी पत्ते हातात घेतले नाहीत.
निवेसने बोलावलंही नाही.
मार्चमध्ये एका टगबोटीचा मेकॅनिक आला, दारियो,
आणि तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली.
पहिलं त्याला विचारलं, सान जाकोमोत औषधं घेतोस का?
तो चक्रावला. नाही म्हणाला.

ती परत येईल का, त्याचा प्रश्न.
तो मी बदलून मागितला.
बराच वेळ टोपी फिरवत बसला, मग म्हणाला,
ती नसताना रविवारचं काय करू?
दांड्यांची दुर्री निघाली: तटावर उभा माणूस,
हातात लहानशी पृथ्वी,
एक दांडा भिंतीला बांधलेला, एक मोकळा.
मी बोट ठेवून दाखवलं, दोन्ही.
पुढचं विचारलं त्याने.
इथवर दिसतं, म्हटलं. पुढे दिसत नाही.

तो जरा नाराजच गेला.
निवेस बिया निवडत होती, घरच्याच, सवयीने.
मान वर न करता
एक दगड माझ्याकडे ढकलला.

बाकीचे चार?

अजून वारा आहे, म्हणाली.