चुन्याची रेघ

पुस्तकात दहा अंश लिहिलंय.
'पुस्तक कंपनीच्या इंजिनाचं,' मुरादचाचा म्हणतात,
'हे आता कंपनीचं कुठी राह्यलं?'
भुसावळहून बोअर वाढवून आलंय,
हेड चाळीस थाउ तासलंय, कॅम घासलाय,
पिस्टन कुठल्या गाडीचे ते खेमचंद फेगडेलाच ठाऊक.
पुलीही भंगारातली. तिच्यावरची खूण
दुसऱ्याच कुणाच्या पद्मिनीची.

यावल रस्ता, फैजपूर, दुपारचे तीन.
शेडचा पत्रा स्वतःशीच तडतडतोय.
केळीचा ट्रक गेला की तेवढीच सावली हलते.

पहिला प्लग काढला.
'अंगठा ठेव पोरी, भोकावर.'
पाना फिरला, अंगठ्याखाली वारा दाटत गेला
आणि फस्सकन सुटला. 'हं. हाच फेरा.'
मग भोकात सायकलचा आरा.
पिस्टन चढतो तसा आरा चढतो,
आणि अगदी टोकाशी
पाना फिरतोय, आरा जागच्या जागी.
'वर गेल्यावर तो इसावते थोडा.
तिथी शेंडा शोधशीन तं फसशीन.'
म्हणून अलीकडे एक खूण,
पलीकडे तेवढ्याच उंचीला दुसरी,
आणि दोन्हींच्या बरोब्बर मध्ये,
जिथं हाताला काहीच कळलं नव्हतं,
तिथं तंबाखूच्या डबीतला चुना
नखानं ओढला.

इंजिन सुरू. व्हॅक्युमची नळी काढून तोंडात खिळा.
टायमिंग लाइट लपलपायला लागली
आणि गरगरत्या पुलीवर चुन्याची रेघ
भिंतीवरच्या पालीसारखी थिजून उभी.
ठिणगी शेंड्याच्या आधी का, मी ओरडून विचारलं.
(चाचांशी ओरडूनच बोलावं लागतं;
चाळीस वर्षांच्या इंजिनांनी कान नेले.)
'जाय पसराले येय लागते.
लय आधी देशीन तं डोक्यात हातोडा,
उशिरा देशीन तं निस्ता धूर.'

खेमचंदला पालच्या घाटात तिसऱ्या गिअरात चढायचंय.
पाचला निघालो. सातपुडा अजून तापलेलाच.
खेमचंद स्टिअरिंगवर, मी शेजारी,
चाचा मागून पुढं वाकलेले,
रस्त्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत.
दुसऱ्या वळणावर चढ लागला,
खेमचंदनं पाय दाबला,
आणि कुठंतरी खोल
डब्यात चार फुटाणे खुळखुळले.
मी तोंड उघडलंही नव्हतं.
'थांब,' चाचा म्हणाले.

बॉनेट उघडून, फडकं गुंडाळल्या हातानं
दहाचा पाना लावून
डिस्ट्रिब्युटर रोटरच्याच अंगाला फिरवला.
केसभर. मग अजून अर्धा केस.
परत तेच वळण. मी कान देऊन बसले,
चाचा माझ्या कपाळावर डोळा ठेवून.
फुटाणे नाहीत. नुसता एक भरलेला आवाज,
आणि गाडी वर.

माथ्यावर सागाच्या सुकल्या पानांत उभं राहून
खेमचंदनं विचारलं, 'किती अंश झाले मंग?'
चाचांना ऐकू गेलं नसावं,
किंवा गेलं असेल.
छिन्नीनं डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी बारीक ठोका मारला.
'ह्या उन्हाचं हे. थंडीत परत आन.'
आणि डबीत उरलेला चुना
तंबाखूत मळायला घेतला.