सत्तेचाळीस फुटांवर

धडगावच्या पुढे, घाट उतरला की आमलीपाडा.
शहाद्याहून कॉम्प्रेसर ओढत निघालो तेव्हा
ट्रॅक्टरचा एकच दिवा लागत होता.
विहीर रुमल्या पावऱ्याची.
भाव फुटावर ठरलेला, खडकावर नाही.
तिथंच माझं चुकलं.

पहिले सहा फूट मुरूम. तो कुदळीनेही निघतो.
मग मांजऱ्या, फोडला की आत भोकंच भोकं,
कुठल्या तरी जुन्या भाकरीला आलेले फोड.
मग काळा.
काळ्यात पहार रोज दोनदा शेवटावी लागली.
मध्ये वीतभर गेरू,
जणू आगीने जरा थांबून
तंबाखू मळून घेतली.
पुन्हा काळा.

सत्तेचाळीस फुटांवर यारीची बादली वर आली
ती पांढरी.
"चुनखडी शे भाऊ," हिलाल म्हणाला.
ढेकळात काहीतरी होतं, मुठीएवढं,
चुण्या पडलेलं, दोन्ही पाकळ्या घट्ट.

जत्र्या दोन हंगाम मिठागरात राबलेला, भावनगरकडे.
पाड्यावर समुद्र पाहिलेला तो एकटा.
त्याने ते चाटलं. थुंकला. पुन्हा चाटलं.
"दरियो," म्हणाला.
"आठे? येडा शे का?" हिलाल हसत सुटला,
आणि हसता हसता
वर डोंगराकडे बघून गप्प झाला.

मी कानाला लावून पाहिलं.
आत दगड भरलेला.
लाट नाही, काही नाही, फक्त कॉम्प्रेसर,
तो तर बंद केल्यावरही कानात चालूच असतो.

रात्री खाटेवर हिशेब जुळेना.
म्हणजे आधी पाणी होतं.
पाण्यावर आग आली, एकदाच नाही,
वाकळीवर वाकळ टाकावी तशी,
आणि हा खाली तोंड मिटून राहिला.
आम्ही आपले उलट्या बाजूने,
जिलेटिन लावत, बिडी ओढत,
त्याच्या अंगावरची पांघरुणं काढत चाललेलो.

रुमल्याने सकाळी एवढंच विचारलं,
"समुद्र लागला, तर पाणी का नाही?"
फुटाच्या भावात हे उत्तर बसत नाही.

बावन्नवर थांबलो.
काळा संपतो आणि पांढरा लागतो
त्या सांध्यातून झिरा सुटला होता, करंगळीएवढा.
दिवसाला तीन हंडे. फार तर चार.
जत्र्याने ओंजळ धरली, चाखलं,
आणि थोडा हिरमुसला:
गोड होतं.

वैशाखात उरलेले पैसे मागायला गेलो.
रुमल्या घरी नव्हता.
थुमलीने अंगणात लुगडं अंथरून
आमचुराच्या फोडी वाळत घातल्या होत्या.
वारा मरणाचा.
लुगड्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन शिंपले,
तोंडं अजून मिटलेलीच.
चौथ्यावर काळा दगड.
शिंपले तीनच निघाले होते.