निळी प्रत

विस्कॉन्सिनमधलं ड्राय-क्लीनिंगचं दुकान कधीच मिटलं,
पण लॅडिस्लाव वेसेलीनं मागच्या दारी ओतलेलं
अजून चालतंय जमिनीखालून,
शेजाऱ्यांच्या विहिरींकडे.

नोटीस आली अ‍ॅडेलाच्या नावे.
घर विकलं तरी पुरणार नाही.

मग तळघरात, बुटांच्या खोक्यात,
सदुसष्ट सालची पॉलिसी:
कार्बनची निळी प्रत,
कोपरा उंदरांनी खाल्लेला, आकडा शाबूत.

कंपनीनं तीनदा नाव बदललंय.
वकीलबाई म्हणाल्या, बदलू दे.
शब्द दिलाय ना?

हप्ता भरताना किती कुरकुरायचा तो!
न घडणाऱ्या गोष्टीचे पैसे, म्हणायचा.

आज अंगणात ड्रिल लागलंय.
नळीतून माती वर येते,
माणसं मुखवटे चढवतात.
अ‍ॅडेला मात्र तशीच उभी:
संध्याकाळी घरी आलेल्या
त्याच्या शर्टाचा वास.